निनांवी प्रश्न आणि सहीचें उत्तर

मूल रात्रीं तापानें फणफणलें कीं आजचे आईबाप डॉक्टरांच्या आधीं मोबाइलला विचारतात. ही रीत अगदीं नवी, असें आमच्या तरुण मित्रांस वाटतें. परंतु छापखाना व टपाल हीं साधनें हातीं येतांच मराठी गृहस्थानें हाच उद्योग आरंभिला होता. आणि त्यास उत्तरें देणारा एक विलक्षण पुरुष आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतला होता.

रघुनाथ धोंडो कर्वे १८८२ सालीं दापोलीजवळच्या मुरुड येथें जन्मले. महर्षि कर्व्यांचे ते वडील चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असतांना, १८९१ सालीं, त्यांची आई राधाबाई बाळंतपणांत वारली. पुढें १९२१ सालीं त्यांनीं पत्नी मालतीबाईंच्या साह्यानें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हां ही आठवण त्यांच्या मनांत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. या कार्यापायीं त्यांस गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें.

या मासिकांत वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें छापून येत. त्या प्रश्नोत्तरांचें महत्त्व कळण्यास जुनें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. दोन मुलांमध्यें अंतर कसें ठेवावें, हें सासूसासऱ्यांच्या घरांत कोणास विचारणार? गांवचे वैद्यबुवा सर्वांच्या ओटीवर बसणारे. त्यांना विचारलेलें तिन्हीसांजेच्या आंत आळीभर व्हावयाचें. पाकिटास मात्र तोंड नसतें. अर्थात् मासिक घरांत उघडें ठेवण्याचीहि सोय नव्हती, कारण मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचें चित्र असे. हा हट्ट कर्व्यांनीं सोडला असता तर चार घरें अधिक उघडलीं असतीं, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

कर्वे डॉक्टर नव्हते, हा आक्षेप खोटा नाहीं. त्यांचीं सर्वच मतें ग्राह्य होतीं असेंहि नाहीं. पण विचारणारा निनांवी असला तरी उत्तर देणाराचें नांव व पत्ता छापलेला असे, आणि त्याची किंमतहि त्यासच मोजावी लागे. १९३४ सालीं वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं; त्यांचें मूळ गांव आंबडवे हेंहि याच जिल्ह्यांतलें. लैंगिक विषयावर लिहिलें एवढ्यानेंच लेखन अश्लील ठरत नाहीं, हा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयास तो पटला नाहीं. कर्व्यांस दंड झाला.

दंड भरून त्यांनीं मासिक चालूच ठेविलें. मोबाइलवरील उत्तराबद्दल दंड भरावयास कोण उभा राहील, हें रात्रीं दोन वाजतां तें वाचणाऱ्या बापास सहसा ठाऊक नसतें. कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्यें वारले आणि छत्तिसाव्या नव्हे, सत्ताविसाव्या वर्षांत ‘समाजस्वास्थ्य’हि थांबलें.