कालवडीचे तीस महिने

संकरित गाय दिवसाला किती दूध देते, असे वर्गात विचारले तर एखादा आकडा लगेच ऐकू येईल. पण ती गाय पहिला थेंब देण्याआधी किती महिने नुसती खाते, हे विचारले तर वर्ग बहुधा गप्प बसेल. आमच्या मते यवतमाळसारख्या जिल्ह्यातील दुग्धविकासाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

आधी थोडे गणित करू. संकरित कालवड जन्मतः सुमारे 28 किलो भरते. साधारण 250 किलो वजन झाले की तिला कृत्रिम रेतन करता येते. म्हणजे 222 किलो वाढ हवी. रोज 400 ग्रॅम वाढ झाली तर त्याला सुमारे 555 दिवस, म्हणजे अठरा महिने लागतात. त्यापुढे गाभणकाळाचे नऊ महिने. एखादे रेतन फुकट जाईल, हेही धरायला हवे. असे सारे मिळून तिसाव्या महिन्याच्या आसपास दूध हाती येते. खुराक कमी पडून वाढ रोज 200 ग्रॅमवर आली, तर नुसते रेतनाचे वजन गाठायलाच तीन वर्षे जातात. वंश तोच, पण दीड वर्षाचा खर्च जास्त.

वऱ्हाडात हा प्रश्न पूर्वी या रूपात नव्हता. कपाशीच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्याला हवा होता बैल. शेजारच्या वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ ही जात तिच्या चपळ बैलांसाठी प्रसिद्ध होती. गाय म्हणजे बैलाची आई, दूध घरापुरते. गोसेवेचा विचार या भागाला नवा नव्हता. जमनालाल बजाज यांनी 1941 मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ स्थापन केला होता. त्या प्रयत्नांचा भर मात्र देशी गाय सुधारण्यावर होता.

संकराचा मार्ग पुढे आला तो कृत्रिम रेतनामुळे. भारतात हे तंत्र 1939 मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत प्रथम वापरले गेले. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि होल्स्टीन व जर्सी वळूंचे रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार झाली. पश्चिम महाराष्ट्रात हा संकर रुजला, कारण तिथे कालव्याचे पाणी होते, उसाचे वाढे होते आणि रोज दूध उचलणारे सहकारी संघ होते.

या संकराला सरकारी आधार कसा द्यावा, याचा विचार राष्ट्रीय कृषी आयोगाने केला. 1970 मध्ये नेमलेल्या या आयोगाने अल्पभूधारक आणि शेतमजूर यांच्यामार्फत दूध उत्पादन वाढवण्याची शिफारस केली. त्यातून 1975-76 मध्ये विशेष पशुधन कार्यक्रम सुरू झाला. वासरू चार महिन्यांचे झाले की त्याची नोंद करायची आणि पहिल्या वेतापर्यंत त्याच्या पशुखाद्याच्या खर्चाचा वाटा सरकारने उचलायचा, अशी ती योजना होती. शेतमजुराला हा वाटा अल्पभूधारकापेक्षा जास्त. दूध नसलेल्या महिन्यांत गरिबाचा हात आखडतो आणि कालवड खुरटते, हे त्या आखणीत ओळखलेले होते.

त्याच काळात यवतमाळच्या शेतातून चारा मात्र हटत होता. संकरित ज्वारीचा धांडा आखूड, म्हणून कडबा घटला. पुढे सोयाबीन वाढले आणि ज्वारीचे क्षेत्रच आक्रसले. सोयाबीनचे कुटार कडब्याची बरोबरी करू शकत नाही आणि पऱ्हाटी तर चुलीत जाते. सरकीची ढेप जिल्ह्यात मिळते, पण ती विकत घ्यावी लागते. उन्हाळ्यात पारा 44 अंशांवर जातो तेव्हा विदेशी रक्त असलेली जनावरे देशी जनावरांपेक्षा लवकर धापा टाकतात. गोचिडांमुळे होणारा थायलेरियासिस संकरित वासरांना अधिक जाचतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसते, त्यामुळे जू मानेवर टिकत नाही आणि उन्हातले कामही त्याला झेपत नाही. बैलावर शेती करणाऱ्याच्या दृष्टीने निम्मी वासरे अशी निरुपयोगी ठरली.

अशा जिल्ह्यात 2006 साली मोठी मदत आली. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी 1 जुलै 2006 रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्यांपैकी एक. त्यातील जोडधंद्याच्या भागात प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी एक हजार दुधाळ जनावरे, अशी तीन वर्षे, निम्म्या अनुदानावर द्यायची होती. काही महिन्यांतच पी. साईनाथ यांच्या वार्तापत्रांतून उलटा अनुभव पुढे आला. जिथे माणसाच्या पोटाची चिंता, तिथे गायीचे पोट कसे भरणार? काहींना ती सांभाळणे अशक्य झाले.

हेतूत खोट नव्हती. मोठी गाय एका आर्थिक वर्षात खरेदी करता येते, वाटता येते, मोजता येते. कालवडीचे तीस महिने तीन अंदाजपत्रकांत विभागले जातात आणि अहवालात दाखवण्यासारखे त्यात काही नसते. पण बाहेरून आणलेल्या गायीबरोबर चारा, सावली आणि तिला सांभाळण्याची सवय येत नाही. घरी वाढणाऱ्या वासराबरोबर ही तयारी हळूहळू होते. संकरित कालवडीला मदत करायची, तर त्या मदतीची मुदत सरकारी वर्षाने नव्हे, कालवडीच्या वाढीने ठरायला हवी.

पुढे 2016 मध्ये विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला, यवतमाळसह अकरा जिल्ह्यांत. दूध संकलनाबरोबर चारा, पशुखाद्य आणि रेतन यांचा विचार त्यात एकत्र होता. 2024 मध्ये त्याचा दुसरा टप्पा एकोणीस जिल्ह्यांसाठी मंजूर झाला. मादी वासरेच अधिक जन्मावीत यासाठी लिंगनिर्धारित रेतनही आता मिळते. मात्र त्यामुळे तीस महिन्यांतला एक दिवसही कमी होत नाही. उलट वाढवायच्या कालवडी जास्त होतात.

शाळेजवळच्या गोठ्यात हे गणित पडताळता येईल. कालवडीचा छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे वजन किलोत मिळते. घेर 45 व लांबी 40 असेल, तर सुमारे 123 किलो. दर महिन्याला मोजून आलेख काढा. रेघ कोणत्या महिन्यात सपाट झाली ते पाहा, आणि त्या महिन्यात घरात काय होते ते मुलांना विचारा. चारा संपला होता की ढेपेला पैसे नव्हते, हे त्यांना ठाऊक असते.