टोमॅटोची रोपे ट्रेमध्ये बिघडत असतील तर: लक्षणावरून कारण ओळखा

शेडनेटमधील प्रोट्रेत टोमॅटोचे रोप साधारण २५ ते ३० दिवसांत लागवडीस तयार होते. याच काळात रोपे गेली, तर बियाण्याचा खर्च वाया जातोच, शिवाय लागवड महिनाभर लांबते.

रोपे मलूल दिसली म्हणून लगेच औषध फवारू नका. आधी दोन-चार रोपे कोकोपीटसह काढून मुळे पाहा. निरोगी मुळे पांढरी असतात. मुळे तपकिरी व मऊ असतील, तर पाणी जास्त होत आहे किंवा बुरशी लागली आहे.

रोपे बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात
हा रोपे कोलमडण्याचा (मर) रोग. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींमुळे तो होतो व ओलाव्यात झपाट्याने पसरतो. बाधित रोपे काढून नष्ट करा, पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा. कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून आळवणी करा. ट्रायकोडर्मा वापरत असाल, तर ताम्रयुक्त औषधासोबत देऊ नका. त्यातील उपयुक्त बुरशी मरते.

रोपे उंच, काडीसारखी होतात
प्रकाश कमी पडतो. पेरणीनंतर एकावर एक रचून झाकलेले ट्रे कोंब दिसताच वेगळे मांडा. एक दिवसाचा उशीरही रोपे लांबवतो. थोडी लांबलेली निरोगी रोपे लागवडीवेळी किंचित खोल लावा. टोमॅटोच्या खोडाला मुळ्या फुटतात.

खालची पाने पिवळी पडतात
नत्र कमी पडते. कोकोपीटमध्ये अन्नद्रव्ये फारशी नसतात. उगवणीनंतर १२ ते १५ दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून द्या.

पाने खालून जांभळी होतात
थंडीत मुळे स्फुरद कमी उचलतात. खताचा डोस वाढवण्यापेक्षा रात्री ट्रेंना ऊब द्या, सकाळी उन्हात पाणी द्या.

पानांच्या कडा करपतात
कोकोपीट न धुतलेले असेल, पाणी खारट असेल किंवा खत जास्त झाले असेल, तर क्षार साचतात. खत थांबवा व गोड्या पाण्याने ट्रे एकदा चांगले निथळून घ्या.

शेंड्याची पाने बारीक, वर वळलेली
पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पर्णगुच्छ विषाणू असू शकतो. यावर औषध नाही. अशी रोपे उपटून नष्ट करा. रोपवाटिकेला ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी लावा आणि आत पिवळे चिकट सापळे टांगा.

लागवडीआधी पाच-सहा दिवस पाणी थोडे कमी करून रोपे उन्हाला सरावू द्या. चार-पाच पानांची, जाड खोडाची रोपेच शेतात न्या. संख्या भरावी म्हणून संशयित रोप लावू नका. विषाणू लागलेल्या एका रोपावरून पांढरी माशी रोग शेजारच्या झाडांवर नेते.