कायदा झाला, तरी बांध फुटला : चर्च रॉकचा धडा

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले ते 20 मार्च 1927 रोजी, तेही बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. मधली वर्षे ठराव कागदावर होता आणि त्याची अंमलबजावणी ज्यांच्या हातात होती, त्यांना आपल्या तहानेशी देणेघेणे नव्हते.

हा इतिहास आपल्याला पाठ आहे. अमेरिकेतल्या एका नदीची गोष्ट याच नजरेने वाचली पाहिजे. तिथे जात नव्हती, वंश होता. पण कायदा कागदावरच कसा अडकतो, हे तिथेही तसेच दिसते.

आधी तांत्रिक बाब समजून घेऊ. खाणीतला दगड दळून, आम्लात भिजवून त्यातून युरेनियम काढतात. युरेनियम निघून गेल्यावर जो गाळ उरतो त्याला टेलिंग्ज म्हणतात. मूळ दगडातली सुमारे 85 टक्के किरणोत्सारिता या गाळातच राहते, कारण त्यात रेडियम आणि थोरियम शिल्लक असते. रेडियम निम्मे व्हायलाच 1600 वर्षे लागतात. म्हणून हा गाळ बांध घालून, तळ्यात साठवून, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो.

पण सांभाळायचा कोणी? अमेरिकेच्या 1954 च्या अणुऊर्जा कायद्याचे नियंत्रण ठरावीक प्रमाणाहून जास्त युरेनियम असलेल्या पदार्थावर होते. गाळात ते प्रमाण कमी भरायचे. त्यामुळे अणुऊर्जा आयोगाची भूमिका अशी राहिली, की बंद पडलेल्या कारखान्याचा गाळ आमच्या अधिकारात येतच नाही. युरेनियम सरकारला हवे होते, बॉम्बसाठी. गाळ मात्र कायद्याच्या व्याख्येतच बसत नव्हता. व्याख्येबाहेर ठेवले की जबाबदारीही बाहेर राहते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या गाळाची वाळू कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन शहरात लोकांनी घरांच्या पायात आणि अंगणात भरली. हे शहर मुख्यतः गोऱ्यांचे. तिथल्या घरांसाठी अमेरिकी काँग्रेसने 1972 साली स्वतंत्र कायदा केला. न्यू मेक्सिकोत नवाहो आदिवासींच्या भूमीवर शिपरॉकचा कारखाना 1968 साली बंद पडला. तिथला गाळ नीट झाकून काम पूर्ण व्हायला 1986 उजाडले.

अखेर 8 नोव्हेंबर 1978 रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी युरेनियम टेलिंग्ज नियंत्रण कायद्यावर सही केली. गाळ पहिल्यांदा व्याख्येत आला. जुन्या, सोडून दिलेल्या जागा ऊर्जा खात्याने साफ करायच्या, चालू कारखान्यांवर अणु नियामक आयोगाने लक्ष ठेवायचे आणि मानके पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवायची, अशी विभागणी झाली. कागदावर सगळे चोख होते.

आठ महिने झाले. 16 जुलै 1979 च्या पहाटे न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक येथे युनायटेड न्यूक्लियर कंपनीचा मातीचा बांध फुटला. सुमारे 35 कोटी लिटर आम्लयुक्त किरणोत्सारी पाणी आणि 1100 टन गाळ पुएर्को नदीत गेला. तो लोंढा नदीपात्रातून ॲरिझोनात शिरला. याच नदीवर नवाहो कुटुंबांची मेंढरे आणि गुरे पाणी पीत होती.

याला नुसता अपघात म्हणायचे का? हा कारखाना 1977 साली सुरू झाला आणि त्याच वर्षी बांधाला तडे दिसले होते. ऑक्टोबर 1979 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहात सुनावणी झाली. धोका ओळखण्याची पुरेशी संधी राज्य आणि संघराज्याच्या एकाहून अधिक यंत्रणांना मिळाली होती, असे त्या समितीचे अध्यक्ष मॉरिस युडॉल यांनीच बोलून दाखवले. म्हणजे यंत्रणा होत्या, तडेही होते आणि कायदाही होता. पण त्या बांधाखाली राहणाऱ्यांच्या हाती अधिकार नव्हता.

खाण नवाहो भूमीवर होती, पण कारखाना आणि गाळाचे तळे शेजारच्या खासगी जमिनीवर. त्यामुळे परवाना देणार न्यू मेक्सिको राज्य. संघराज्याशी करार करून असा अधिकार राज्याला मिळत होता, नवाहो राष्ट्राला नाही. नदी त्यांची, मेंढरे त्यांची, सही मात्र दुसऱ्याची.

त्याच वर्षी मार्चमध्ये थ्री माइल आयलंड अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी चौकशी आयोग नेमला आणि जगभर मथळे झळकले. चर्च रॉकला आपत्तीग्रस्त क्षेत्र जाहीर करा, अशी मागणी नवाहो नेतृत्वाने केली. राज्यपालांनी ती मानली नाही. चार महिन्यांच्या आत कारखाना पुन्हा सुरू झाला आणि 1982 पर्यंत चालला. 1986 साली राज्याने टेलिंग्जवरचा आपला अधिकार अणु नियामक आयोगाकडे परत दिला. शेवटी 2005 साली नवाहो राष्ट्राने स्वतःच कायदा करून आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणकामावर बंदी घातली. दुसऱ्याच्या कायद्याचा अनुभव घेऊन त्यांनी हा निर्णय घेतला, हे लक्षात घ्या.

आता आपल्याकडे या. झारखंडमधील जादुगोडा येथे 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून युरेनियमचा कारखाना चालतो. गाळाच्या तळ्यांना लागून संथाल आणि हो आदिवासींची गावे आहेत. डिसेंबर 2006 मध्ये तिथे गाळ वाहून नेणारा पाइप फुटला. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 साली स्थापन झाले, पण ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते. त्या आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचा सचिव आणि कारखानाही त्याच खात्याच्या कंपनीचा. म्हणजे मालक आणि तपासनीस एकाच घरातले. नियामकाला स्वतंत्र कायदेशीर दर्जा नाही, यावर कॅगने 2012 साली बोट ठेवले होते.

काही शहाणे म्हणतात, हा विज्ञानाचा विषय आहे, त्यात चळवळीचे काय काम? बांध किती जाड असावा हे इंजिनिअरने सांगावे, हे मान्य. पण तो कोणाच्या गावाजवळ बांधायचा, तडा दिसल्यावर काम कोण थांबवणार आणि मोजणीचे आकडे कोणाला दाखवायचे, हे प्रश्न सत्तेचे आहेत. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट असतील तर ते वाईट ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. तो नियामक कायद्यांनाही लागू पडतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी कुठलाही नवा पर्यावरण कायदा किंवा नवे मंडळ आले की टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. त्या मंडळावर बाधित लोकांचा प्रतिनिधी आहे का? काम बंद करण्याचा अधिकार त्याला आहे का? पाण्याच्या तपासणीचे आकडे गावाच्या भाषेत, गावात लागतात का? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर ठराव झाला आहे, तळे अजून बंदच आहे असे समजा.

जय भीम!