तापी खोऱ्यातील जलचर आणि जलप्रदूषण : कायदा, प्रयोगशाळा व ‘अनुकूलन’ (इ. स. १८९७ नंतरचा खानदेश)

प्रस्तावना

खानदेशच्या इतिहासलेखनात तापी नदी येते ती प्रामुख्याने सीमा, व्यापारमार्ग, तीर्थक्षेत्र किंवा सिंचनाचे साधन म्हणून. पांझरेवरील फड पद्धतीचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. मात्र त्याच पाण्यात राहणारे मासे, खेकडे व शिंपले हे इतिहासाचे विषय मानले गेले नाहीत. ते प्राणिशास्त्र विभागाकडे सोपविण्यात आले. प्रदूषणाला जलचरांनी दिलेला प्रतिसाद समाजाने, कायद्याने आणि प्रयोगशाळेने निरनिराळ्या काळात कसा वाचला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. कोणता मृत्यू मोजावयाचा आणि कोणता नाही, हे जलचर ठरवीत नाहीत; म्हणूनच हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा राहत नाही.

मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ कि. मी. चा प्रवास करून सुरतेजवळ समुद्रास मिळते. चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते; पुढे दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी व पांझरा, तर सातपुड्याकडून सुकी, मोर, अनेर या नद्या येतात. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या प्रदेशातील उपनद्यांचे एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात त्यांचा प्रवाह क्षीण होतो किंवा खंडित होतो आणि जलचर डोहांच्या आश्रयाला जातात. पाणी आटत जाते तसतशी त्यात उतरलेल्या द्रव्यांची संहती मात्र वाढत जाते. जो डोह आश्रयस्थान, तोच विषाचे भांडे ठरू शकतो. खानदेशातील जलप्रदूषणाचा विचार करताना ही बाब बारमाही नद्यांच्या अभ्यासावरून घेतलेल्या निकषांत सहसा सापडत नाही.

डोहातील विष आणि १८९७ चा कायदा

पाण्यातील विष ही गोष्ट कारखान्यांबरोबर आली, असे समजणे बरोबर नाही. सातपुड्याच्या परिसरात गेळफळ, हिंगणबेट यांसारख्या वनस्पतींची फळे वा साल ठेचून डोहात टाकण्याची व गुंगलेले मासे हाताने वेचण्याची रीत जुनी आहे. या वनस्पतींतील फेस आणणारी द्रव्ये माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतात, श्वसनास अडथळा येतो व मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू-मिटू लागतो. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आज जे ‘वर्तनबदल’ या सदरात लिहिले जाते, ते मासे पकडणाऱ्यास शेकडो वर्षे ठाऊक होते; फक्त त्याच्या लेखी ते लक्षण नव्हते, ती शिकार होती.

ब्रिटिश प्रशासनाने या रीतीकडे मत्स्यसंपत्तीचा नाश म्हणून पाहिले. फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावर सादर केलेल्या अहवालात बारीक विणीची जाळी, बांध घालून केलेली मासेमारी व विषप्रयोग यांची चर्चा आहे. या विचाराची परिणती १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमात झाली. त्याच्या पाचव्या कलमान्वये मासे पकडण्याच्या वा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष, चुना अथवा अपायकारक पदार्थ टाकणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठरविण्यात आला. ‘मासा’ या संज्ञेत कवचधारी जलचरांचाही समावेश होता, हे विशेष.

या कलमातील कळीचा शब्द ‘हेतू’ हा आहे. डोहात गेळफळ टाकणाऱ्याचा हेतू उघड होता. त्याच सुमारास खानदेशात कापड गिरण्यांचे युग सुरू झाले होते. जळगावात १८७० च्या दशकात, तर अमळनेरात विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी उभी राहिली. रंग, खळ व क्षार यांचे पाणी बाहेर सोडणाऱ्या कोणत्याही उद्योगाचा हेतू मासे मारण्याचा असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे तेथे मासे मेले असते तरी या कलमाचा उपयोग झाला नसता. भारतीय दंड संहितेचे २७७ वे कलम सार्वजनिक झरा वा जलाशय घाण करण्यास शिक्षा सांगत होते, पण त्याचा निकष पाण्याचा नेहमीचा वापर हा होता. जलचर तेथे नव्हतेच. कायद्याला सातपुड्याच्या पायथ्याचा डोह दिसला, गटार दिसले नाही, असे म्हणावे लागते.

‘जलीय जीव’ या शब्दाचा प्रवेश

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र हळूहळू पालटले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व ७ सप्टेंबर १९७० रोजी त्यासाठी मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा. तो महाराष्ट्राने १ जून १९८१ पासून स्वीकारला. या अधिनियमातील प्रदूषणाच्या व्याख्येत मानवी आरोग्य, शेती व उद्योग यांच्याबरोबर ‘जलीय जीवां’च्या जीवितास व आरोग्यास होणारी हानीही आली. हेतूची जागा ‘जाणीवपूर्वक’ या शब्दाने घेतली. हा बदल लहान दिसला तरी त्याने कायद्याची दृष्टी डोहाकडून गटाराकडे वळविली.

पुढचा टप्पा १९९३ चा आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत जैवचाचणीचा समावेश झाला : शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. येथे मासा साक्षीदार म्हणून उभा राहिला. पण त्याची साक्ष चार दिवसांपुरती मर्यादित करण्यात आली. ९६ तासांची ही मुदत अमेरिकेतील औद्योगिक सांडपाण्याच्या चाचण्यांच्या परंपरेतून जगभर रूढ झाली. सोमवारी सुरू केलेली चाचणी शुक्रवारी संपते, ही तिची सोय कोणत्याही प्रयोगशाळेस पटण्यासारखी आहे. जलचरांच्या आयुष्याशी तिचा संबंध मात्र अल्प आहे.

प्रयोगशाळा आणि शिंपले

याच काळात खानदेशातील प्राणिशास्त्र विभागांत विषाक्तताविषयक संशोधन वाढीस लागले. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. शेजारच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम् यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे कवचधारी व मृदुकाय प्राण्यांच्या शरीरक्रियांच्या अभ्यासाची परंपरा रुजली होती. लॅमेलिडेन्स या प्रजातीचे गोड्या पाण्यातील शिंपले खानदेशातही सहज उपलब्ध. परिणामी तांबे, पारा, कॅडमियम यांचे क्षार तसेच कापूस व केळी पिकांवर फवारली जाणारी कीटकनाशके यांचा शिंपल्यांवरील परिणाम हा प्रबंधांचा परिचित विषय झाला.

पद्धत बहुधा एकच असते. नदीतून वा धरणातून प्राणी आणावयाचे, काही दिवस प्रयोगशाळेत सरावू द्यावयाचे, नंतर निम्मे प्राणी ज्या संहतीत मरतात ती, म्हणजे एलसी-५०, काढावयाची. स्वच्छ पाण्यात ठेवलेला गट हा ‘नियंत्रित’ गट. इतिहासाच्या दृष्टीने खरी अडचण याच गटात आहे. १९९५ मध्ये गिरणेतून आणलेला शिंपला कोऱ्या पाटीसारखा नव्हता. डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये, तर एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो २०११ मध्ये. म्हणजे ज्या प्राण्यास अप्रदूषित मानून तुलना केली जात होती, त्याच्या कित्येक पिढ्या फवारणीच्या काळात वाढल्या होत्या. नियंत्रित गटालाही भूतकाळ असतो. प्रबंधात प्राणी कोणत्या डोहातून, कोणत्या महिन्यात आणला याची नोंद अनेकदा एका ओळीत आटोपली जाते. भावी अभ्यासकास मात्र तीच ओळ सर्वाधिक उपयोगी पडणार आहे.

अनुकूलन की तग?

या साहित्यात ‘अनुकूलन’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. पाण्यात तांब्याचा क्षार मिसळताच शिंपला कवच मिटून घेतो. गाळण थांबते, प्राणवायू मिळेनासा होतो व साठविलेल्या ग्लायकोजेनवर विनाप्राणवायू ऊर्जानिर्मिती सुरू होते. चार दिवसांच्या चाचणीत असा शिंपला ‘जिवंत’ म्हणून मोजला जातो. वस्तुतः तो प्रजननासाठी राखलेली शिदोरी खर्च करीत असतो. माशांच्या कल्ल्यांवर श्लेष्म्याचा थर येतो, पटलांच्या पेशी वाढून ती जाड होतात. विष आत शिरण्यास अटकाव होतो, तसाच प्राणवायूसही होतो. यकृतात व वृक्कात मेटॅलोथायोनिन हे प्रथिन जड धातूंना बांधून ठेवते. १९५७ मध्ये ते प्रथम घोड्याच्या वृक्कातून वेगळे करण्यात आले. बांधलेला धातू लगेच नाहीसा होत नाही. तो माशाबरोबर आठवडे बाजारात पोहोचू शकतो.

हे सर्व व्यक्तिगत समायोजन होय. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडणारे अनुकूलन ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेतील हडसन नदीत पीसीबी या रसायनांचे प्रदूषण दीर्घकाळ राहिले. तेथील टॉमकॉड माशांत एका ग्राहक प्रथिनाच्या जनुकात बदल होऊन प्रतिकारशक्ती पसरल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हा मासा विष सहन करतो म्हणजे ते अंगात साठवून भक्षकाकडे सोपवितो, हेही तितकेच खरे. तीस दिवसांच्या प्रयोगावरून तापीतील जलचरांविषयी असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘नदीत अजून मासे आहेत’ हे विधानही तपासून घ्यावे लागते. मरळ, मांगूर व शिंगी हे हवेतून श्वास घेऊ शकतात. प्राणवायू घटलेल्या पाण्यात ते टिकतात. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया सांडपाण्याच्या काठीही वाढतो. स्वच्छ, वाहत्या पाण्याचे मासे तेथे टिकत नाहीत. शिंपल्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण त्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात. योग्य मासा गेला की शिंपल्यांची नवी पिढी थांबते. जुने शिंपले मात्र वर्षानुवर्षे गाळात जिवंत सापडत राहतात. पाहणाऱ्यास वाटते, सारे ठीक आहे.

अलिखित दप्तर

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील आणि त्यांत तापी, गिरणा व पांझरा या तिन्हींचा समावेश होता. या यादीचा निकष बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, हा होता. जड धातू व कीटकनाशके त्या आकड्यात उमटत नाहीत, कवच मिटून बसलेला शिंपलाही नाही.

वि. का. राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने दप्तरे जपण्याचा संस्कार या प्रदेशाला दिला. शिंपल्याचे कवच हे त्याच अर्थाने दप्तर आहे. त्यावरील वाढीच्या रेषांत काही वर्षांची नोंद राहते व पाण्यातील धातूंचा अंश त्या थरांत उतरू शकतो. जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र संग्रहात नदी व वर्ष यांच्या चिठ्ठीसह ठेवलेले कोरडे शिंपले असतील, तर ते फॉर्मलिनमधील नमुन्यांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात, कारण आम्लधर्मी होत जाणारे फॉर्मलिन कवचातील चुना विरघळविते. अशा संग्रहांची यादी करण्यास यंत्रसामग्री लागत नाही. प्राणिशास्त्र व इतिहास या दोन विभागांतील एकेक अध्यापक आणि चिठ्ठ्यांवरील शाई पुसट होण्यापूर्वीची काही वर्षे पुरेशी आहेत.