भूपट्टांच्या हालचाली आणि वसई-विरारचा भूप्रदेश : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वसईचा इतिहास सामान्यतः प्राचीन सोपारा बंदरापासून सुरू होतो आणि पोर्तुगीज अंमल, १७३९ मधील चिमाजी अप्पांचा विजय अशा टप्प्यांनी सांगितला जातो. ज्या भूमीवर हा इतिहास घडला, ती मात्र अचल मानली जाते. प्रस्तुत निबंधात भूपट्ट सिद्धांताच्या आधारे या समजुतीची तपासणी केली आहे.

सिद्धांताचा विकास आणि अरबी समुद्र

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये भूखंड वहनाची कल्पना मांडली. परंतु भूखंड कोणत्या प्रेरणेने सरकतात, याचे समाधानकारक उत्तर नसल्याने ती दीर्घकाळ नाकारली गेली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी सागरतळ विस्ताराची संकल्पना प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी सागरतळाच्या खडकांतील आलटून पालटून येणाऱ्या चुंबकीय पट्ट्यांची या विस्ताराशी सांगड घातली. त्यांची महत्त्वाची निरीक्षणे अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग कटकावरील होती. आधुनिक भूशास्त्राच्या या क्रांतीचा एक आरंभबिंदू अशा रीतीने कोकणासमोरील समुद्राच्या तळाशी सापडतो.

भूरूपांतील साक्ष

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट रियुनियन तप्तस्थानावरून उत्तरेकडे सरकत असताना भूकवचाच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर पसरले. हा बेसाल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. तुंगारेश्वरची रांग आणि विरारचा जीवदानी डोंगर ही त्याचीच रूपे होत.

यानंतर, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग झाला व पश्चिम किनाऱ्याची मूळ रूपरेषा आकारास आली. या ताणाची खूण खडकांत टिकून आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ आडवे असणारे लाव्हाथर किनाऱ्यालगत पश्चिमेकडे झुकतात. हा झुकाव ‘पनवेल वलन’ म्हणून ओळखला जातो. वसई खाडीच्या दक्षिणेस मनोरी-गोराई भागातील रायोलाइट व ट्रॅकाइट हे खडक याच उत्तरकालीन घडामोडींचे मानले जातात. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदके हीदेखील भूकवचातील खोल भेगांची निदर्शक आहेत. तेथे जिवंत ज्वालामुखी नाही. खोलवर मुरलेले पाणी तापून पुन्हा वर येते.

येथे कालमानाचा विवेक आवश्यक आहे. सोपारा बंदराच्या ऱ्हासाशी खाडी गाळाने भरण्याचा संबंध जोडला जातो. ती ऐतिहासिक काळातील प्रक्रिया होय. तिचे श्रेय थेट भूपट्टांना देणे योग्य ठरणार नाही.

‘स्थिर द्वीपकल्पा’चा फेरविचार

भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकत असून युरेशियन भूपट्टाशी होणाऱ्या टकरीचा दाब द्वीपकल्पातील जुन्या भेगांपर्यंत पोहोचतो. तरीही दख्खन हा भूकंपमुक्त प्रदेश समजला जात असे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने या समजुतीला पहिला मोठा तडा दिला. तेथे जलाशय निमित्त ठरला. साचलेला ताण मात्र भूकवचातला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो परिसर भूकंपप्रवण नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये होता. २००२ च्या सुधारित मानकात हे क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि मुंबई-ठाणे परिसर क्षेत्र ३ मध्ये दर्शविला गेला.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू-तलासरी परिसरात, नोव्हेंबर २०१८ पासून लहान भूकंपांची दीर्घ मालिका सुरू झाली. धक्के बहुतांशी सौम्य असले तरी घरांना तडे गेले आणि अनेक आदिवासी कुटुंबांना थंडीतल्या रात्री घराबाहेर काढाव्या लागल्या. हानीचे प्रमाण भूकंपाच्या तीव्रतेइतकेच घराच्या बांधणीवरही अवलंबून असते, हे येथे दिसून आले.

निष्कर्ष

वसई-विरारचे डोंगर, किनारा व नजीकची उष्णोदके ही भूपट्टांच्या हालचालींची कागदपत्रे आहेत. ती वाचणे हा केवळ ज्ञानाचा विषय नाही. २००९ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांहून अधिक लोक राहत होते. खाडीलगतच्या मऊ, गाळाच्या जमिनीत भूकंपलहरींचा प्रभाव वाढू शकतो. अशा जमिनीवर दाट वस्ती उभी राहते तेव्हा मातीची तपासणी व भूकंपरोधक बांधकाम यांकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. कोयना व किल्लारी येथे जाग आली ती आपत्तीनंतर. स्थानिक इतिहासाच्या अध्ययनात भूमीच्या इतिहासाला स्थान दिल्यास ती आपत्तीपूर्वीही येऊ शकेल.