‘ट्यूब गेली!’ : एका कारागिरीची हकीगत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिहा, असा कमिटीचा निरोप आला. इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजे डोळ्यांपुढे येतात. मी मात्र तुमच्या-आमच्या दिवाणखान्यातल्या एका वस्तूचा इतिहास लिहिणार आहे. सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा इथल्या घराघरांत मागे कुबड आलेला टीव्ही होता, आणि शोकेसचा मधला कप्पा त्या कुबडाच्या मापाने खोल करून घेतलेला होता. आज ते टीव्ही गेले. कप्पे काही घरांत अजून आहेत, त्यात आता फुलदाणी असते.

त्या काळी मेकॅनिकने मागचं झाकण उघडून ‘ट्यूब गेली’ म्हटलं की घरात शांतता पसरायची. टीव्हीतला सर्वांत महाग भाग तोच. पण ‘गेली’ म्हणजे नेमकं काय झालं? आणि गेलेली ट्यूब परत आणता येत होती का? येत होती. जगभर ते काम करणारे कारखाने होते. ते कसे चालले आणि कसे संपले, त्याची ही हकीगत.

पिक्चर ट्यूब म्हणजे आतली हवा पूर्ण काढून घेतलेली एक मोठी काचेची बाटली. तिच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉन गन असते. रंगीत ट्यूबमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी अशा तीन. पडद्याच्या आतून या तीन रंगांत उजळणाऱ्या फॉस्फरचे ठिपके असतात, आणि त्यांच्यामागे लाखो बारीक छिद्रं पाडलेला पातळ पत्रा. याला शॅडो मास्क म्हणतात. प्रत्येक गनचा झोत आपापल्या रंगाच्या ठिपक्यावरच पडावा, ही व्यवस्था तो मास्क बघतो.

यात झिजतं काय? काच झिजत नाही, मास्क झिजत नाही, फॉस्फरही बरीच वर्षं टिकतं. झिजतो तो गनमधल्या कॅथोडवरचा बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा लेप. तो दमला की चित्र अंधूक होतं. तीनपैकी लाल गन आधी दमली तर पडद्यावरची माणसं हिरवट-निळी दिसू लागतात. आपले मेकॅनिक अशा वेळी हीटरला थोडं जास्त व्होल्टेज देऊन ट्यूब ‘बूस्ट’ करत. म्हाताऱ्याला टॉनिक दिल्यासारखं. काही महिने निघायचे, पुन्हा तेच.

खरा उपाय म्हणजे गनच बदलायची. अमेरिकेत हा धंदा चांगला फोफावला. तिथे १९५४ साली आरसीए कंपनीने इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या कारखान्यात सीटी-१०० हा रंगीत टीव्ही काढला. किंमत १००० डॉलर! साधी नवी मोटार तेव्हा दीड-दोन हजार डॉलरला मिळे. एवढ्या महागाच्या वस्तूची ट्यूब दमली म्हणून कोण फेकून देणार? म्हणून मोठ्या शहरांत ट्यूब पुन्हा बांधून देणारे कारखाने निघाले. दुकानदार जुनी ट्यूब जमा करून घेई, तिचे पैसे वळते करी, आणि पुन्हा बांधलेली ट्यूब नव्यापेक्षा कमी दरात बसवून देई. आपण गॅसचं रिकामं सिलिंडर देऊन भरलेलं घेतो ना, तसाच हिशोब.

हे काम कसं चाले ते ऐकण्यासारखं आहे. आधी मानेच्या टोकाची काच हळूच फोडून ट्यूबमध्ये हवा जाऊ द्यायची. हळूच अशासाठी, की एकवीस इंची ट्यूबच्या नुसत्या पडद्यावर बाहेरच्या हवेचा दाब सव्वा टनाहून जास्त असतो. घाई केली तर आत झेपावणारी हवा पडद्यावरचं फॉस्फर उडवते, आणि काचेला तडा गेला तर सगळी ट्यूब आतल्या आत फुटून तुकडे खोलीभर उडतात. मग मान कापून जुनी गन काढायची, काचेच्या लेथवर गॅसच्या ज्योतीने नवी मान जोडायची आणि तिच्यात नवी गन बसवून काच बंद करायची. त्यानंतर ट्यूब भट्टीत. साडेतीनशे ते चारशे अंश सेल्सिअसला ती कित्येक तास भाजत असते आणि त्याच वेळी पंप आतली हवा ओढत असतो. काच आणि धातूला चिकटलेला वायूसुद्धा बाहेर यावा लागतो. शेवटी आतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या भागाच्या आसपास उतरतो. तापवणं आणि थंड करणं दोन्ही सावकाश, कारण रंगीत ट्यूबमध्ये पडदा आणि मागचं नरसाळं काचेच्याच सांध्याने जोडलेलं असतं. तो सांधा एकदा तडकला की सगळी मेहनत पाण्यात.

मग कॅथोड तापवून जागा करायचा आणि पंपाकडची काचेची नळी वितळवून बंद करायची. आत राहिलेला चुकार वायू गिळण्यासाठी एका कडीत बेरियम ठेवलेलं असतं, त्याला ‘गेटर’ म्हणतात. बाहेरून तापवलं की ते उडून काचेवर आरशासारखा चंदेरी डाग बसतो. जुन्या ट्यूबवर किंवा रेडिओच्या व्हॉल्व्हवर तुम्ही तो पाहिला असेल. डाग पांढरा पडला तर समजायचं, हवा शिरली.

आपल्या वयाच्या वाचकांसाठी एक गंमत. साठच्या दशकातल्या बऱ्याच ट्यूबच्या पडद्यावर सुरक्षेसाठी दुसरी काच चिकटवलेली असे. वर्षांनुवर्षांनी तो चिकटपणा कडेपासून कुजून पांढरे ढग दिसू लागतात. जुने टीव्ही जमवणारे अमेरिकन याला चक्क ‘मोतीबिंदू’ म्हणतात, आणि तो काढायची शस्त्रक्रियाही करतात. उष्णता देऊन किंवा बारीक तार ओढून वरची काच सोडवायची, साफ करायची, परत चिकटवायची.

मग हा धंदा बसला कसा? पहिलं कारण, नव्या ट्यूब जास्त टिकू लागल्या आणि टीव्ही स्वस्त झाला. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या जवळ गेला की माणूस नवीच घेतो. दुसरं, ट्यूबचे प्रकार वाढले. १९६८ मध्ये सोनीची ट्रिनिट्रॉन आली, पुढे तीन गन एका रेषेत असलेल्या ट्यूब आल्या. मानेची जाडी वेगळी, गन वेगळी. छोट्या कारखानदाराने किती प्रकारच्या गन साठवायच्या? तिसरं कारण सर्वांत मोठं. नवी गन तो स्वतः बनवत नव्हता, ती बाहेरून येई. नव्या ट्यूबची मागणी आटली तशी गनही मिळेनाशी झाली. म्हणजे जुन्याला जगवणारा माणूस स्वतः नव्याच्या कारखान्यावर जगत होता.

या गोष्टीत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. गन बदललेल्या ‘रिबिल्ट’ ट्यूब आपल्याकडेही मिळत. तिकडे सीटी-१०० काढणारी आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने घेतली आणि तिचा टीव्हीचा धंदा लगेच फ्रान्सच्या थॉमसनकडे गेला. त्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा २००५ मध्ये कोणी घेतला? आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने! इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने मराठवाड्यात वाढलेल्या कंपनीकडे आले. पण वेळ बघा. २००७ संपता संपता जगात सपाट एलसीडी टीव्हीची विक्री ट्यूबच्या टीव्हीपुढे गेली.

शेवटी ट्यूब बांधणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहरातला हॉकआय हा कारखाना २०१० मध्ये बंद झाला. फ्रान्समधला रॅक्स २०१३ मध्ये. हॉकआयची यंत्रं ओहायो राज्यात हिलियर्ड इथल्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमने घेतली, निदान विद्या तरी टिकावी म्हणून. पण भट्टी आणि पंप ट्रकमध्ये घालून नेता येतात. कोणत्या क्षणी ज्योत जवळ आणायची, काच कधी तडकेल, हे ज्याच्या हाताला कळतं तो माणूस कसा नेणार? सीटी-१०० च्या ट्यूबमध्ये तर काच आणि धातूचा जोड आहे, तिथून हवा झिरपत राहते. म्हणून संग्रहातले कित्येक टीव्ही बाहेरून चकचकीत आहेत, पण पडदा काळा.

बँकेत असताना आम्ही कर्जदाराच्या प्रत्येक यंत्रावर दरवर्षी घसारा लावत असू. इमारतीला, टेबल-खुर्चीलाही लावत असू. कारागिराच्या हातातल्या कसबासाठी मात्र ताळेबंदात रकाना नव्हता, त्यामुळे ते कधी शून्यावर आलं हे कोणालाच कळत नाही. लिफ्टचा, पंपाचा, शिलाई मशिनचा जुना जाणकार मेकॅनिक मिळतोय तोवर त्याच्या हाताखाली एखादा पोरगा शिकतो आहे का, एवढं तरी आपण विचारायला हवं.

आणि कोणाच्या माळ्यावर जुना टीव्ही अजून असेल तर एक विनंती. ट्यूब स्वतः खोलू नका, फोडू तर मुळीच नका. आत निर्वात पोकळी आहे, काचेत शिसं आहे. तो भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्या. देण्याआधी नातवंडांना बोलावून मागच्या जाळीतून ती काचेची मान एकदा दाखवा. त्यांच्या पिढीने ती पाहिलेली नाही.