हसूरचंपूचे विमानकार : डॉ. विष्णु माधव घाटगे

कोल्हापुरात विमानाचा विषय निघाला की आपल्याला उजळाईवाडी आठवते. तिथल्या विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव आहे, आणि ते रास्तच आहे. पण भारतात आराखडा होऊन कारखान्यात घडवलेलं पहिलं विमान ज्यांनी कागदावर उतरवलं, ते डॉ. घाटगे आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. कितीजणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका!

त्यांचा जन्म १९०८ चा. पुढे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे कोण? पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर असतो, तो १९०४ साली ज्यांनी समजावून सांगितला ते. हा थर पंखापासून सुटला की उचल जाते आणि विमान कोसळू लागतं. नवशिका वैमानिक नेमका इथेच चुकतो. म्हणजे बघा, शिकाऊ विमान बनवायचं तर हीच विद्या आधी लागते.

१९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. घाटगे तिथे गेले. पण युद्धाचे दिवस. कारखान्याचं मुख्य काम झालं ते परक्यांच्या विमानांची दुरुस्ती. दुरुस्तीत हात तयार होतो हो, पण दुसऱ्याच्याच आराखड्यावर. स्वातंत्र्यानंतर खरा प्रश्न हाच होता, की आपण कायम दुरुस्तीवालेच राहायचं का?

त्याचं उत्तर ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. एचटी-२. तोवर आपली पोरं टायगर मॉथवर शिकत, म्हणजे कापड ताणलेल्या दुहेरी पंखांच्या विमानावर. हे नवीन विमान धातूचं, एकाच पंखाचं. पुढे-मागे दोन बैठका आणि दोन्हीकडे नियंत्रणं. इंजिन मात्र ब्रिटिश होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. अशी सुमारे १७० विमानं झाली आणि १९८० च्या दशकापर्यंत वैमानिक त्यांवर शिकले.

आता परराष्ट्र व्यवहाराचा भाग, जो सहसा कुणी सांगत नाही. १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. त्यांचं हवाई दल उभं करायला आपले अधिकारी गेले, आणि बारा एचटी-२ सुद्धा गेली. कालपर्यंत दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करणारा देश दुसऱ्या नव्या देशाला आपलं विमान देत होता. शिष्टमंडळाच्या भाषणांपेक्षा हे वजनदार, असं माझं मत आहे.

घाटगे तिथे थांबले नाहीत. फ्लाइंग क्लबांसाठी १९५८ मध्ये पुष्पक उडालं. मग जेट शिकवणीसाठी किरण, १९६४ ला. पुढल्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. एकेका विमानाला वर्षानुवर्षं लागतात, आणि उड्डाणाच्या दिवशी फोटो वैमानिकाचा छापतात.